मार्चअखेरचे झाडू

हरिश्चंद्र भाटकर ज्या वाचनालयात आयुष्यभर ग्रंथपाल होते, तिथल्या पोटमाळ्यावर त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सव्वीस झाडू सापडले. न वापरलेले. वरचा कागदसुद्धा न काढलेले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला वाटलं, म्हातारा झाडू विकायचा जोडधंदा करत असणार. तसं काही नव्हतं. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत यायचं आणि दुसरा हप्ता हमखास मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टपकायचा. एकतीस तारखेच्या आत तो खर्ची पडला नाही, तर वरून विचारणा व्हायची: यंदा एवढ्यात भागलं ना, मग पुढच्या वर्षी जास्त कशाला? म्हणून हरभाऊ दर मार्चअखेर आत्माराम शेटच्या दुकानात जायचे आणि बिल मिळेल, पण कुणी वाचायला मागणार नाही अशा वस्तू घेऊन यायचे. झाडू, बल्ब, फिनेल.

अनुदानाचा पहिला नियम त्यांना झोपेतही पाठ होता. शिल्लक दाखवायची नाही. शिल्लक दिसली की कात्री आलीच.

घरी मात्र ते हा नियम साफ विसरले.

निवृत्तीला त्यांना मिळालं काय, तर शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण. वाचनालयाच्या नोकरीत पेन्शन नसते. नारळ त्यांच्या बायकोने, मालनताईंनी, दुसऱ्याच दिवशी फोडून सोलकढीला लावला, शाल कपाटात गेली, भाषण अध्यक्षांच्याही लक्षात राहिलं नाही. आणि घराचा किराणा मुलाच्या अंगावर आला. हर्षद बदलापूरला राहायचा, ठाण्याला एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. महिन्याच्या एक तारखेला तो मोबाइलवर नऊ हजार पाठवायचा. त्यात वाणसामान, मासळी, गॅस, सगळं. मे संपता संपता त्याचा फोन आला.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

जरा बोलायचं म्हणून सुरू झालेलं बोलणं कधी जरा नसतं, हे हरभाऊंना ठाऊक होतं. ते खुर्ची ओढून बसले.

"फ्लॅटचा हप्ता वाढलाय. सानवी झाल्यापासून वेदिकाची नोकरी नाही. दोन दोन चुली मला आता झेपत नाहीत बाबा. नऊचे सहा करता येतील का बघा. नाहीतर मग घर बंद करा आणि इकडे या. ओढाताण होईल, पण एकच चूल होईल."

मागून सुनेचा आवाज आला. हळू बोलत होती, पण फोन हल्ली सगळंच ऐकतात. "अरे, इथे आणखी दोन ताटं कुठं परवडतायत आपल्याला?"

"ऐकलंत ना?" हर्षद म्हणाला. "तेव्हा सहात बसवा. बसवलंत तर बदलापूरचा विषय मी परत काढणार नाही. शब्द देतो."

मालनताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बदलापूर त्यांनी एकदा अनुभवलं होतं. सानवीच्या बारशाला गेल्या होत्या तेव्हा तीन आठवडे त्या अकराव्या मजल्यावर राहिल्या होत्या. शेजारी कोण राहतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दार कधी उघडंच दिसलं नाही. अमावास्येला कावळ्याला म्हणून खिडकीच्या जाळीवर भात ठेवला, तर कावळा आला नाही. सोसायटीची नोटीस आली. परत आल्यावर त्यांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून पहिलं वाक्य उच्चारलं होतं, "मेले नाही, म्हणून आले."

घर तसं मोठं नव्हे. चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, सारवलेलं खळं, खळ्याच्या कडेला एक रातांब्याचं, म्हणजे आमसुलाचं झाड. उंबऱ्यात बसलं की खाली भाट्याची खाडी दिसायची. पण संध्याकाळी त्या पडवीत माणूस दिसायचं. विठू मयेकर तर रोजचाच. पूर्वी लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता, आता गुडघे गेल्यामुळे जमिनीवर. वाचनालयातल्या रहस्यकथा त्याने दोनदोनदा वाचल्या होत्या आणि खुनी कोण यावर तो अजूनही हरभाऊंशी भांडायचा. हे भांडण, त्याबरोबरचा चहा, खाडीवरचा वारा आणि मालनताईंचा रातांबा, एवढ्यासाठी त्या दोघांना रत्नागिरीतच मरायचं होतं. मागणं फार नव्हतं. महिना तीन हजारांचं होतं.

"बसवूया सहात," हरभाऊ म्हणाले. "अंदाजपत्रक करायचं. वाचनालय चालवलं, दोन माणसांचं पोट काय घेऊन बसलीस?"

"वाचनालयाला भूक लागत नव्हती," मालनताई म्हणाल्या.

हरभाऊंनी सरकारी पद्धतीने खर्चाची शीर्षं पाडली. धान्य-कडधान्य हे एक शीर्ष. तेल-नारळ दुसरं. चहा-साखर तिसरं, मासळी चौथं, गॅस, आणि शेवटी किरकोळ. प्रत्येकापुढे रक्कम लिहिली आणि खाली लाल शाईने नियम: एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षाकडे वळवता येणार नाही. कागद फ्रीजच्या दारावर डकवला. मालनताईंनी तो वाचला आणि त्यावर आमसुलाचा हात पुसला.

जूनमध्ये मासेमारी बंद होती. मासळीच्या शीर्षाखाली पैसे पडून राहिले आणि वीस तारखेलाच तेल संपलं.

"अवो, मासळीत शिल्लक आहे म्हणता ना?"

"आहे. पण ती मासळीची."

"मग आता मासळीच्या पैशात फोडणी देऊ काय? मोहरी टाकते नोटेवर, तडतडते का बघते."

"नियम म्हणजे नियम मालन. आज वळवले तर उद्या कुठेही वळतील."

दहा दिवस बिनफोडणीचं कुळथाचं पिठलं खाऊन जून साडेपाच हजारांत बसला. हरभाऊंना कोण आनंद झाला! मालनताईंना तो आकडा पाहून हसू आलं.

"हा आकडा खोटा आहे," त्या म्हणाल्या.

"खोटा? पैपैची नोंद आहे."

"मेमध्ये मी बेगमी केली ती कुणी खाल्ली? उकडे तांदूळ, सुकट, कुळीथ, मिरची-मसाला, सगळं पावसाळ्याचं मेमध्ये भरलं. ते जूनमध्ये खाऊन तुम्ही म्हणता, जूनमध्ये खर्च नाही. नवरात्रात डबे रिकामे होतील तेव्हा कळेल."

"रोखीचा हिशेब असतो गो. पैसा ज्या महिन्यात गेला, त्या महिन्याचा."

"मग पोट पण त्याच महिन्यात भरायला हवं होतं."

हरभाऊ कोंडीत सापडले की चष्मा पुसायचे. त्यांनी चष्मा पुसला आणि हिशेबाचा फोटो काढून हर्षदला पाठवला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: शिल्लक रुपये पाचशे.

"शिल्लक कशाला दाखवता?" मालनताई खांद्यावरून वाकल्या. "मार्चमध्ये तुम्हीच सांगायचात ना, शिल्लक दाखवली की मेलो? ठेवा ती डब्यात."

"ते सरकार होतं," हरभाऊ म्हणाले. "हा मुलगा आहे."

मुलाने अंगठा पाठवला, टाळ्या वाजवणारे दोन हात पाठवले आणि जुलैला साडेपाचच हजार पाठवले.

आता मासळीही शीर्षासकट आटली. आत्माराम शेटकडे पूर्वी यादी किलोत जायची, ती पावकिलोत जाऊ लागली. आत्माराम शेट गल्ल्यावर बसून माणसं तोलणारा माणूस. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा मुलगा पैसे पाठवायचा थांबला, हे त्याला यादीवरून कळायचं.

"हरभाऊ, तेल किती म्हणालात?"

"पाव लिटर."

"देतो की. इंजेक्शनची सुई आणलीय ना? भरून देतो."

दुकानातली माणसं हसली. हरभाऊही हसले. हसण्याला शीर्ष लागत नाही.

त्यांनी हायवेवरच्या मोठ्या सुपरमार्केटातही जाऊन पाहिलं. तिथे एकावर एक फुकट असतं असं ऐकलं होतं. रिक्षाला साठ रुपये देऊन गेले आणि फिनेलच्या दोन बाटल्या घेऊन आले, कारण फुकट तेवढंच होतं. मालनताईंनी बाटल्या मोरीत ठेवल्या. "पिठल्यात घालू?" एवढंच विचारलं.

खरी कात्री लागली ती चहा-साखरेला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात साखरेचा डबा खरवडून झाला. संध्याकाळी विठू गुडघे धरत पडवीच्या पायऱ्या चढला. मालनताईंनी चहा पुढे ठेवला. विठूने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, साखर विसरलाव."

"हल्ली यांना डॉक्टरनी नको म्हणून सांगितलंय."

"त्याला सांगितलंन. मला कुठं सांगितलंन?"

तिघंही हसले. विठूने चहा संपवला, खुनी माळीच होता म्हणून भांडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, सोडली, साखर कपात ओतली, बोटाने ढवळली. "घरची व्यवस्था केलीय," म्हणाला. त्याने विनोदच केला होता. पण त्या दिवशी कुणाला नीट हसता आलं नाही. मालनताई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

त्यानंतर विठू आला नाही. गुडघा धरलाय, असा निरोप पाठवला. पाऊस थांबल्यावर मालनताईंनी त्याला त्याच गुडघ्यांनी जेटीकडे चालत जाताना पाहिलं. घरावरून जाताना त्याने मान वळवली नाही.

त्या महिन्यात चहा-साखर या शीर्षाखाली शिल्लक पडली. हरभाऊंनी ती दाखवली.

ऑगस्टला पाच हजार आले.

गणपतीला हर्षद, वेदिका आणि सानवी दीड दिवसासाठी आले. सणाचं सामान हर्षदने आल्या आल्या भरलं, त्याबाबत तो कंजूष नव्हता. मोदक झाले, घावणे झाले, सानवी खळ्यात रांगली. वेदिका मुलगी हुशार. माहेर चिपळूणचं, लग्नाआधी एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये होती, त्यामुळे आकड्यांची नजर होती. ती सासूबरोबर स्वयंपाकघरात उभी राहिली आणि बघत राहिली. किसून झालेल्या नारळाच्या वाटीत पाणी घालून मालनताईंनी उरलंसुरलं दूध काढलं. अळूच्या देठांची भाजी केली. मोदकांच्या सारणाच्या कढईला लागलेला गूळ वाटीत निपटून घेतला.

"आई, फ्रीजवरचा कागद बघितला मी. पाच हजारांत दोघं? गॅस धरून?"

"भागतं," मालनताई म्हणाल्या.

"तुम्ही आमच्याकडे आलात ना, तर आमचं बिल पण अर्ध्यावर येईल."

वेदिका हसत म्हणाली. मालनताईंच्या हातातली पळी कढीत थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

पाहुणे गेल्यावर त्या हरभाऊंना म्हणाल्या, "यापुढे हिशेब पाठवू नका."

"का?"

"सुनेला आवडला."

"मग चांगलंच की!"

मालनताईंनी कपाळाला हात लावला. "तुमचं हरिश्चंद्र हे नाव बदलून घ्यायला हवं होतं लग्नात. माझं बदललं, तुमचं राहिलं."

पण हरभाऊंना थांबवेना. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या हिशेबाला टाळ्या वाजवत होतं. वाचनालयात ऑडिटर यायचा, चहा प्यायचा, दोन शेरे मारून जायचा. इथे मुलगा 'बाबा, ग्रेट' म्हणायचा. ग्रेट या एका शब्दासाठी हरभाऊ नवरात्रात, बेगमीचे डबे खरोखरच रिकामे झाले तेव्हा, भाकरीला तांदळाऐवजी रेशनचे गहू दळून आणू लागले. दिवाळीला फराळ चकलीपुरता झाला. ओवाळायला येणारी पुतणी चकली खाऊन गेली आणि पाडव्याला आली नाही. मांजरसुद्धा शेजारी गेलं. तिथे बांगडा असायचा. डिसेंबरला हर्षदने चार हजार पाठवले आणि हरभाऊंनी त्यातही दोनशे वाचवले.

घर वाचत होतं. पडवीत मात्र संध्याकाळी दोन माणसं आणि दोन पेले. बोलायचं ते सगळं स्वयंपाकघरात बोलून झालेलं असायचं. हरभाऊ कधी म्हणायचे, "खुनी माळी नव्हताच." मालनताई म्हणायच्या, "मला काय सांगता? मी वाचलेलं नाही."

फेब्रुवारीत एका रविवारी फोन आला. या वेळी चेहरे दिसणारा. दोघंही स्क्रीनवर, मध्ये सानवी. दोघंही खूश.

"बाबा, आई, बातमी! वेदिकाला नोकरी लागली. कल्याणच्या हॉस्पिटलात, एक एप्रिलपासून."

"वा वा!" हरभाऊ म्हणाले.

"प्रश्न फक्त सानवीचा आहे. पाळणाघरवाली आठ हजार मागते. आठ! आणि परकं माणूस." हर्षद स्क्रीनजवळ आला. "मग आम्ही बसून हिशेब केला. तुमच्यासारखाच, शीर्षं पाडून. तुम्हा दोघांचं तिथे चार हजारांत भागतं. इथे एकत्र केलं तर तीनातच भागेल. म्हणजे आठ वाचले, चारातला एक वाचला, वर तिथलं वीजबिल, घरपट्टी. घर भाड्याने दिलं तर ते वेगळं. आणि सानवीला आजी-आजोबा."

मालनताई स्क्रीनच्या कडेला होत्या. त्या आणखी कडेला सरकल्या, दिसेनाशा झाल्या.

"पण तू शब्द दिला होतास," हरभाऊ म्हणाले. "सहात बसवलं तर बदलापूर नाही."

"हो, पण बाबा, तेव्हा परवडत नव्हतं म्हणून तो प्रश्न होता! तुम्ही आला असतात तर आमचं मोडलंच असतं. आता तुम्हीच दाखवलंत ना, की तुमचा खर्च काहीच नाही." त्याचे डोळे खरोखर कौतुकाने भरले होते. "वेदिका तर म्हणते, आई-बाबा म्हणजे भार नाहीच, उलट बचत आहे."

"खरंच बाबा," वेदिका म्हणाली. तिच्याही मनात वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर भांडता आलं असतं.

फोन ठेवल्यावर हरभाऊ कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुलाचा हिशेब त्यांनी उभा केला, आडवा केला. कुठे चूक सापडते का पाहिलं. सापडली असती तर फोन करून सांगता आली असती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बेरजा दुरुस्त केल्या होत्या. ही बरोबर होती.

"काय शोधताय?" मालनताई म्हणाल्या. "महाग होतो तोवर आपण इथे होतो. तुम्ही आपल्याला स्वस्त करून ठेवलंत."

"हर्षद वाईट नाही गो."

"वाईट आहे असं कोण म्हणालं? हिशेबी आहे. बापावर गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनताईंनी स्वतःच मार्ग काढला. "या महिन्याचा हिशेब फुगवा. तेल महागलं म्हणा, औषधं म्हणा. सात हजार दाखवा."

"खोटा?"

"जूनचा खोटा होता तेव्हा चालला. हा आपल्या बाजूचा खोटा."

हरभाऊंनी पेन उचललं, ठेवलं, उचललं. शेवटी महिनाअखेरीच्या हिशेबात त्यांनी एक नवं शीर्ष घातलं: पाहुणेरावळे. पुढे दीड हजार. फोटो गेला आणि पाच मिनिटांत फोन आला.

"बाबा, हे पाहुणे कोण?"

"असेच. येतात ना लोक."

"कोण लोक?"

हरभाऊंनी पडवीकडे पाहिलं. एखादं नाव सापडावं म्हणून त्यांनी तिथल्या रिकाम्या खुर्चीपासून खळ्यापर्यंत नजर फिरवली. "विठू," ते म्हणाले.

"विठूकाका? आई तर म्हणाली, ते पावसाळ्यापासून घरी आले नाहीत." हर्षद हसला, प्रेमाने. "राहू दे बाबा. तुम्हाला खोटं जमत नाही. तुम्हाला इथे यायला संकोच वाटतोय ना? अहो, आपलंच घर आहे ते."

तिकिटं त्याने एकतीस मार्चची काढली. एक तारखेला वेदिकाला कामावर जायचं होतं, एवढंच त्यामागे होतं.

मार्चभर घर आवरणं चाललं. भाडेकरू ठरला, एका बँकेत नव्याने बदलून आलेला मुलगा, एकटाच. तो रातांब्याकडे बघून म्हणाला, हे झाड कापलं तर इथे गाडी लागेल. रातांबे अजून हिरवे होते. आमसुलं करायला मे उजाडावा लागतो. मालनताईंनी घरातले डबे धुऊन उन्हात उलटे घातले. भरायचं काही नव्हतंच.

तीस तारखेला सकाळी हरभाऊंनी हिशेब केला आणि बायकोसमोर आले. "बाराशे रुपये उरलेत."

मालनताई बोचकं बांधत होत्या. त्यांनी गाठ मारली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"उद्या एकतीस मार्च," त्या म्हणाल्या. "अनुदान आहे ना तुमचं? खर्च करून टाका सगळं. एक पैसा परत न्यायचा नाही. सुरमई आणा, चांगली रुंद तुकड्यांची. नारळ आणा. किलोभर साखर आणा. आणि विठूभावजींना सांगा, आज जेवायला या."

हरभाऊंच्या अंगात उत्साह आला. पिशवी घेऊन ते निघाले. विठू जेटीच्या भिंतीवर बसला होता, तोंड समुद्राकडे. हरभाऊ शेजारी जाऊन बसले. बराच वेळ दोघांनी बोटी मोजल्या.

"उद्या जातो आम्ही," हरभाऊ म्हणाले.

"कळलंय."

"संध्याकाळी ये. मालनने सांगितलंय. जेवायलाच ये."

विठूने गुडघा चोळला. "येतो. साखर आहे ना? का घेऊन येऊ?"

"आहे रे! किलोभर आहे," हरभाऊ म्हणाले, आणि आत्माराम शेटच्या दुकानाकडे वळले. आधी वाणसामान घ्यावं, मग बाजारात मासळी बघावी, असा विचार.

दुकानात गर्दी नव्हती. आत्माराम शेटने पेन कानावरून काढलं. "बोला हरभाऊ. आज किती ग्रॅम?"

"साखर," हरभाऊ म्हणाले, "पाव..."

एक किलो म्हणायचं होतं. जीभ वळेना. नऊ महिने ती पावाला सरावली होती. नारळांच्या राशीकडे बोट केलं, तर तोंडून आलं, "लहानातला एक." मग काय घ्यायचं ते आठवेना. खिशात बाराशे रुपये होते आणि डोक्यात यादीच तयार होत नव्हती. काजू? कशाला. तूप? ते कुठल्या शीर्षात बसायचं? दुकानातली प्रत्येक बरणी म्हणत होती, माझ्यावाचून तुमचं भागतं.

आत्माराम शेटला दया आली की सवय आड आली, सांगता यायचं नाही. तो म्हणाला, "तारीख काय आज? तीस ना? नेहमीचं देऊ?"

"हो," हरभाऊ म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलं. "नेहमीचं द्या."

पोराने मागून सामान आणलं. आत्माराम शेटने सराईतपणे बिल फाडलं. "नाव वाचनालयाचंच घालू?"

"नको. माझं घाला."

बिल बाराशेचं बरोबर झालं. आयुष्यभर तेच तर जमलं होतं.

संध्याकाळी मालनताईंनी पिशवी उपडी केली. दोन झाडू, कागदासकट. सहा बल्ब. फिनेलचा पाच लिटरचा डबा. खरकटी घासायच्या जाळ्यांचं पाकीट. लहानातला एक नारळ. पावकिलो साखर.

हरभाऊ दाराशी उभे होते. चष्मा त्यांच्या हातात होता, पण ते पुसत नव्हते.

"सुरमई?" मालनताईंनी विचारलं.

"पैसे संपले गो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुळथाचं पिठलं टाकलं, भात टाकला, नारळ फोडला. तेवढ्यात पायऱ्यांवर विठूचं धापा टाकणं ऐकू आलं. तो जुन्या जागी पडवीच्या कडेला बसला आणि दारातल्या सामानाकडे बघून म्हणाला, "हरभाऊ, बदलापुरात वाचनालय काढताव काय?"

कुणी हसलं नाही. चहा आला. विठूने खिशात हात घातला, वर्तमानपत्राची पुडी काढली, मालनताईंकडे पाहिलं आणि न सोडताच परत खिशात ठेवली. चहा गोड होता.

खाडीवर अंधार उतरत होता. मालनताईंनी एका झाडूवरचा कागद फाडला आणि माजघरापासून झाडायला सुरुवात केली. माजघर, स्वयंपाकघर, पडवी. कोपरेसुद्धा.

"तिन्हीसांजेला केर काढू नये गो," हरभाऊ म्हणाले. "घरातली लक्ष्मी जाते."

"जाऊ दे," मालनताई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "उद्याच्या गाडीत भेटेल."

झाडत झाडत त्या पडवीच्या कडेपर्यंत आल्या. विठूने कप हातात धरून दोन्ही पाय वर उचलून घेतले, आणि त्यांनी त्याच्या खालचाही केर काढला.